मामाने आखलेली वाट आणि रामटेकची पांदण

प्रश्न : मी ४५ वर्षांची आहे आणि नागपुरात एका शाळेत शिकवते. माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो आणि सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीच्या डोंगरवाटांवर माउंटन बाइक चालवतो. दिवाळीत तो आला तेव्हा त्याने माझ्या १५ वर्षांच्या मुलीला शब्द दिला, की नाताळच्या सुट्टीतल्या शनिवार-रविवारी आपण तिघे सायकलने जंगलातून जाऊ. फोनवरच्या नकाशात त्याने वाटही आखली आहे : पहिल्या दिवशी पारशिवनीहून कोलितमारा, दुसऱ्या दिवशी तिथून जंगलातूनच सिल्लारी, वळसे धरून सुमारे ८० किलोमीटर. परवानगीचे विचारले तर म्हणाला, "ताई, जंगल काय कोणाच्या बापाचे आहे? सायकलला कोण अडवतो?" माझ्या पतीचे म्हणणे, जायचेच नाही. माझ्याकडे करोनाच्या काळात घेतलेली सात गिअरची सायकल आहे, जी बहुधा बाल्कनीतच उभी असते. भाऊ म्हणतो, ६० हजारांची चांगली माउंटन बाइक घे. मुलगी दोन्ही बाजू ऐकून रुसली आहे आणि तिचा स्वतःचा एक प्रश्न आहे : मोठ्याने गाणी लावून गेलो तर प्राणी लांब राहतील ना? खरे सांगायचे तर मला वाघाइतकीच भीती त्या दोघांच्या मागे पडण्याची वाटते. काय करावे?
एक वाचक, नागपूर

उत्तर : सहल जरूर करा, पण भावाने आखलेली वाट सोडून द्या. सहल आणि ही वाट या दोन गोष्टी एकमेकींना घट्ट बांधल्या गेल्यामुळेच तुमच्या घरात "जायचेच" आणि "जायचेच नाही" असे दोन पक्ष पडलेले दिसतात. त्या सुट्या केल्या, की तुमच्या पतीची हरकत बरीचशी मावळेल आणि मुलीचा रुसवाही फार दिवस टिकणार नाही.

आधी वाटेविषयी, कारण तिथे मत-मतांतराला जागा नाही. कोलितमारा आणि सिल्लारी ही दोन्ही पेंच व्याघ्र प्रकल्पाची प्रवेशद्वारे आहेत. कोलितमारा पेंच नदीच्या काठावर आहे, सिल्लारी त्याच्या पूर्वेला आहे, आणि दोहोंच्या मधला जो हिरवा भाग तुमच्या भावाला फोनवर मोकळा दिसतो त्यात सुमारे २५७ चौरस किलोमीटरचे पंडित जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय उद्यान आहे. नकाशावर तिथे दिसणाऱ्या बारीक रेघा बहुतेक वनविभागाच्या गस्तीच्या वाटा असतात. उपग्रहाच्या छायाचित्रावरून नकाशा तयार होतो तेव्हा वाट उमटते, पण तिच्या तोंडाशी असलेला नाका उमटत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात परवान्यावाचून शिरणे हा गुन्हा आहे, आणि पर्यटकाला व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात जी मुभा मिळते ती ठरलेल्या फाटकातून, नोंदणी झालेल्या वाहनातून, मार्गदर्शकासह आणि खाली न उतरता फिरण्याची असते. गाभ्याबाहेरच्या राखीव वनालाही भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू आहे आणि तिथेही विनापरवानगी घुसणे चालत नाही. जंगल कोणाच्या बापाचे नाही हे तुमच्या भावाचे म्हणणे मान्य करू, फक्त त्यातून ते त्याचे ठरत नाही.

दंड आणि गुन्हा एवढ्यापुरतेच हे असते तर मी इतके ताणून धरले नसते. सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्याचे लक्ष उतारावर, सुट्या दगडांवर आणि दरीच्या कडेवर असते, आणि ते कौशल्य तुमच्या भावाकडे असेलच. नागपूरच्या उत्तरेचे सातपुड्याच्या पायथ्याचे जंगल चढ-उताराच्या दृष्टीने त्याला किरकोळ वाटेल. इथली अडचण वाटेवर कोण भेटेल याची आहे. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला आणि ताडोबा यांच्यामध्ये वाघ सतत ये-जा करत असतात आणि आपण नकाशावर काढलेली सीमा त्यांना ठाऊक नसते. २०१९ च्या नोव्हेंबरात नागपूर विमानतळालगतच्या मिहानच्या परिसरात वाघ वावरत होता आणि २०२१ च्या उन्हाळ्यात बिबट्या थेट शहरातल्या गायत्रीनगरच्या वस्तीत येऊन गेला, हे तुम्हाला आठवत असेल. मनसरहून पुढे जबलपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून प्राण्यांसाठी जे भुयारी मार्ग ठेवावे लागले, त्यांतला एक तर पाऊण किलोमीटर लांब आहे. इतका मोठा खर्च करून त्यांच्यासाठी रस्ता राखावा लागतो, यावरूनच या भागातली त्यांची वर्दळ लक्षात यावी.

सायकलची म्हणून एक वेगळी जोखीम आहे, जी जीपवाल्याला नसते आणि पायी चालणाऱ्याला फारशी नसते. जीप लांबून ऐकू येते, माणूस सावकाश येतो, पण सायकल निःशब्द आणि वेगाने येते. वळणापलीकडे पिल्लांसह बसलेल्या अस्वलाला, रानडुकरांच्या कळपाला किंवा रोह्याला (नीलगाईला) तुमची चाहूल लागते तेव्हा तुम्ही पंधरा-वीस पावलांवर आलेले असता. दचकलेले जनावर पळेलच असे नाही. मध्य भारतातल्या गावकऱ्यांना विचाराल तर ते वाघाइतकेच, कदाचित थोडे जास्तच, अस्वलाला जपून असतात. त्यात पंक्चर झाले तर आपण वाटेच्या कडेला उकिडवे बसून चाक काढणार. बसलेला किंवा वाकलेला माणूस मोठ्या मांजराला माणसासारखा दिसत नाही. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या बायाबापड्यांवर वाघाचे हल्ले होतात त्यामागे हे एक मोठे कारण मानले जाते. म्हणून जंगलालगत कुठेही चाक दुरुस्त करताना एकाने उभे राहून चहूकडे पाहत राहायचे, हा नियम तिघांनीही पाळावा, मग काम पाच मिनिटांचे का असेना.

आता पर्याय सांगते. पहिला दिवस रामटेकला द्या. नागपूरहून रामटेक साधारण ५० किलोमीटर आहे आणि कामठी-कन्हान-मनसर या रस्त्यावर ट्रकांची जी रांग असते ती पाहता तिथवर सायकलने जाण्याचा मोह मुलीसोबत तरी नको. तीन सायकली गाडीच्या मागच्या कॅरिअरवर बसत असतील तर उत्तम, नाहीतर छोटा हत्ती ठरवा, सायकली त्यात जुन्या गाद्या मध्ये घालून आडव्या ठेवा आणि मागून तुम्ही गाडीने या. सकाळी आठ-साडेआठला रामटेकच्या खालच्या बाजूने नगरधनच्या दिशेने निघा. नगरधनचा किल्ला काही किलोमीटरवर आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे अभ्यासक मानतात आणि उत्खननांतून त्याला दुजोरा देणाऱ्या वस्तू मिळाल्या आहेत. डांबरी रस्ता आहेच, पण तुम्ही शेतांमधल्या पांदणींनी, म्हणजे बैलगाडीच्या वाटांनी जा. डिसेंबरात धान कापून झालेला असतो, बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात, कुठे हरभरा आणि लाखोळी उगवलेली असते, आणि पांदणीच्या दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी व पळस यांची रांग असते. माझ्या मते नागपूरच्या आसपास सायकलसाठी पांदणीइतकी चांगली वाट दुसरी नाही. ती मातीची आहे, खडबडीत आहे, वळणांची आहे, आणि वहिवाटीची असल्याने तुम्हाला तिथे कोणी परके म्हणून हटकत नाही. डोंगर-जंगल हवेच म्हणून दुपारी खिंडसी तलावाच्या बाजूला जा, जिथे टेकड्या पाण्यापर्यंत उतरलेल्या दिसतात. त्या टेकड्यांवरच्या सागाच्या वनात मात्र चाक घालू नका, काठाचा रस्ता पुरे.

हा सगळा फेरा २५ किलोमीटरच्या आत बसतो आणि तो तुम्हाला कमी वाटू नये. मुरमाच्या आणि मातीच्या वाटेवर सवय नसलेल्या माणसाचा वेग ताशी ८ ते १० किलोमीटरच्या वर जात नाही. भावाच्या बेताप्रमाणे दिवसाला ४० किलोमीटर धरले तर नुसते पायडल मारण्यातच चार-पाच तास, आणि त्यात पाणी, जेवण, पंक्चर, फोटो आणि वाट चुकणे मिळवले, की सात-आठ तास सहज जातात. डिसेंबरअखेर नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतो. जंगलाच्या कडेला पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा काळ प्राण्यांचा समजून सोडून दिला, तर हातात उरतात आठ ते चार. म्हणजे त्या बेतात काही बिघडण्यासाठी एक तासही मोकळा राहत नव्हता.

पांदण निर्धोक आहे असा मात्र समज करून घेऊ नका. बैलगाडीच्या चाकोरीत पुढचे चाक अडकले, की हँडल वळत नाही आणि माणूस आडवा होतो, म्हणून चाकोरी ओलांडायची तर तिरकी न ओलांडता शक्य तितकी काटकोनात ओलांडायची. कडक जमिनीवर सुट्या मुरमाचा थर असतो तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबला तर चाक घसरते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नव्हे. उतारावर दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवून सीटवरून किंचित उठायचे आणि नजर चाकापुढे न ठेवता आठ-दहा मीटर पुढे ठेवायची. हे तुमचा भाऊ माझ्यापेक्षा नीट शिकवील. जे त्याला बहुधा ठाऊक नसेल ते कुंपणाचे आहे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी विदर्भात शेताभोवती तारा असतात. झटका मशीनच्या तारेचा धक्का बसतो पण जीव जात नाही. काही जण मात्र बेकायदा थेट विजेचा प्रवाह सोडतात, त्यात जनावरे मरतात आणि माणसेही मेली आहेत. कोणती तार कोणती हे बाहेरून कळत नाही, म्हणून फोटोसाठी, बोरांसाठी किंवा अन्य कोणत्याही निकडीसाठी कुंपण ओलांडून शेतात शिरायचे नाही आणि अंधार-उजेडाच्या वेळी बांधावरून तर चालायचेही नाही. मुलीला हे मामाकडून नव्हे, तुमच्याकडून सांगितले जावे.

निघण्याच्या आठवडाभर आधी रामटेकच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात एक फोन करा आणि आपण कोणत्या बाजूला सायकलने फिरणार ते सांगून त्या भागात अलीकडे वाघ-बिबट्याचा वावर आहे का, ते विचारा. एखादे जनावर गावाजवळ बसलेले असेल तर बीट गार्डला ते ठाऊक असतेच. त्या दिवशी सकाळी पहिल्या गावात चहा घेताना पोलीस पाटलाला किंवा गुराख्याला पुन्हा तेच विचारा आणि "उधर नका जाऊ" असे कोणी म्हणाले तर कारण न विचारता वाट बदला. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ तिघांच्याही फोनमध्ये असू द्या, पण फोनला रेंज असेलच असे धरून चालू नका. तुमचे पती बरोबर येण्यास तयार झाले तर त्यांना गाडीसह एखाद्या गावाच्या चौकात ठरलेल्या वेळी थांबायला सांगा, आणि ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात तुम्ही दिसला नाहीत तर त्यांनी कोणाला घेऊन उलट दिशेने यायचे हेही आधीच ठरवा. सहलीला विरोध करणाऱ्या माणसाला खरे, उपयोगाचे काम मिळाले, की विरोधाची धार कमी होते, असा माझा अनुभव आहे. प्राणी समोर आलाच तर सायकलवरून उतरायचे, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये आडवी धरायची, मुलीला मध्ये घेऊन तिघांनी एकत्र राहायचे आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे सरायचे. सायकल वळवून पळ काढायचा नाही, कारण पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणे ही शिकारी प्राण्याची उपजत वृत्ती आहे.

शनिवारी संध्याकाळी सायकली गाडीत घाला आणि अंधार पडण्याआधी सिल्लारीला मुक्कामाला जा. पर्यटन महामंडळाची आणि इतरही निवासाची सोय तिथे आहे, पण आरक्षण आधी हवे. रात्री जेवणानंतर दिवे बंद करून अंगणात बसा. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे, आणि धंतोली-धरमपेठेत वाढलेल्या मुलीने इतके तारे एकत्र पाहिलेले नसण्याचीच शक्यता जास्त. रविवारसाठी दोन शक्यता आहेत. गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रातल्या एखाद्या वाटेवर वनविभाग त्या हंगामात स्थानिक मार्गदर्शकासह सायकल चालवू देत असेल तर तीच घ्या. त्यासाठी सिल्लारीच्या प्रवेशद्वाराशी आणि पेंचच्या कार्यालयाशी आधी बोला, परवानगी तोंडी न घेता नाव-तारखेसह पावती घ्या आणि मार्गदर्शक म्हणेल तिथून मागे फिरा. तशी सोय नसेल तर सायकली उतरवूच नका आणि सकाळची जिप्सी सफारी घ्या. ज्या वाटांवरून भाऊ सायकल नेणार होता त्या वाटांवर उमटलेले पंजे त्याला वाहनातून एकदा पाहू द्या. माझ्या दहा परिच्छेदांनी जे होणार नाही ते तेवढ्याने होईल.

तारखेचा मात्र फेरविचार करा. नाताळ ते १ जानेवारी या आठवड्यात रामटेक आणि पेंच दोन्हीकडे गर्दी असते, निवास महाग होतात आणि सफारीची जागा मिळत नाही. त्यानंतरचा पंधरवडा संक्रांतीचा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्येच बंदी घातली असली तरी नागपुरात दर जानेवारीत दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात, आणि सायकलस्वारही त्यातून सुटलेला नाही. त्या दिवसांत सरावासाठीसुद्धा शहरात सायकल काढू नका. काढलीच तर गळ्याभोवती जाड मफलर हवा. १५ फेब्रुवारीपासून जंगलाचा वणव्याचा हंगाम सुरू होतो, सागाची पाने गळून दगड झाकतात आणि दुपार तापू लागते. तेव्हा जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा हा काळ मी निवडला असता, फक्त २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी टाळून. मुलीची शाळा तेव्हा सुरू असेल, पण सहलीला शनिवार-रविवारच लागतो. शिवाय उशिराची तारीख घेतल्याने तुम्हाला सरावाला वेळ मिळतो, ज्याची तुम्हाला गरज आहे.

नवी सायकल घेऊ नका. दोन दिवसांच्या सहलीसाठी ६० हजारांची सायकल घेणे म्हणजे एका लग्नासाठी बँड-पथक विकत घेण्यासारखे आहे. तुमच्या सायकलची टायर जाड आणि खाचांची असतील तर पांदणीला ती पुरतात. टायर अगदी बारीक आणि गुळगुळीत असतील तर तेवढी बदलून घ्या. बाल्कनीत उभ्या राहिलेल्या सायकलची रबरे कडक होतात, ब्रेकच्या तारा गंजतात आणि चेन सुकते, म्हणून ती चांगल्या मेस्त्रीकडे देऊन ब्रेक शू, तारा, ट्यूब आणि चेन बघून घ्या. सीटची उंची अशी ठेवा, की पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा. बहुतेक जणी सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात. आपल्याकडे सराटा आणि बाभळीचे काटे इतके आहेत, की प्रत्येक सायकलमागे दोन सुट्या ट्यूब, पॅचचे सामान आणि एक पंप हे लागणारच. हेल्मेट तिघांनाही, आणि ते बाकी काही नसले तरी.

सरावासाठी आठवड्यातून तीन सकाळी पुरेत. सुरुवातीला अंबाझरी-फुटाळा परिसरात सपाटीवर तासभर, मग फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ, आणि शेवटच्या दोन रविवारी शहराबाहेर झिलपी तलावाकडे किंवा फेटरी-कळमेश्वरच्या बाजूला एखादी लांब फेरी. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सच्या वाटेला जाऊ नका, तिथे मोर्चे आणि बंदोबस्त यांतून सायकल ढकलतच न्यावी लागते. चढाला लागण्यापूर्वीच हलका गिअर घालायचा, चढावर जोर लावत असताना बदलायचा नाही, एवढे एक जमले तरी तुमचा अर्धा दम वाचेल. सहलीच्या दिवशी पाणी प्रत्येकी दोन लिटर, त्यात एका बाटलीत ओआरएस. सकाळी थंडी असते आणि दुपारी स्वेटर नकोसा होतो, म्हणून एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ घाला. तर्री-पोहे निघण्यापूर्वी न खाता परत आल्यावर खा. वाटेत आग्या मोहोळ दिसले तर खाली थांबू नका, धूर करू नका, आणि त्या दिवशी अत्तर तर लावूच नका. साप चावल्यास कापणे, आवळून बांधणे, चोखणे यांपैकी काहीही न करता पाय स्थिर ठेवून रामटेकचे सरकारी रुग्णालय गाठायचे.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. मागे पडण्याच्या भीतीवर सरावाने थोडा उपाय होईल, पण पुरता उपाय रांग बदलण्याने होतो. तिघांत सर्वांत सावकाश चालवणारी व्यक्ती सर्वांत पुढे आणि सर्वांत तरबेज व्यक्ती सर्वांत मागे, ही जाणत्या गटांची पद्धत आहे. तरबेज माणूस पुढे राहिला तर तो नकळत लांब जातो, वळणापलीकडे दिसेनासा होतो आणि थांबून वाट पाहतो. मागचा माणूस धापा टाकत पोहोचेपर्यंत त्याची विश्रांती झालेली असते आणि तो लगेच निघतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला ती मिळते आणि ज्याला आहे त्याला मिळत नाही. तुम्ही पुढे राहिलात, की वेग तुमचा होतो, मुलगी मध्ये दोघांच्या नजरेत राहते, आणि कोणाची चेन तुटली किंवा कोणी पडले तर ज्याच्याकडे अवजारे आणि हुशारी आहे तो मागून आपोआप तिथे पोहोचतो. दोघींमधले अंतर तीन-चार सायकलींइतके असावे.

भावाशी बोलताना मुलीसमोर बोलू नका. त्याने भाचीला शब्द दिला आहे आणि तिच्यादेखत तो मोडायला लावला तर तो वाटेसाठी न भांडता मानासाठी भांडेल. त्याला फोन करण्याआधी पुढील मजकुराचा संदेश पाठवा, शब्द तुमचे घाला : "तुझी सहल पक्की. फक्त वाट बदलली आहे, कारण तू आखलेली वाट पेंचच्या गाभ्यातून जाते आणि तिथे सायकलला परवानगी नाही. पहिल्या दिवशी रामटेक-नगरधन-खिंडसी, मुक्काम सिल्लारी. तू एक दिवस आधी ये आणि आम्हा दोघींकडून ब्रेक, गिअर आणि उतार यांचा सराव करून घे. रांगेत तू शेवटी राहायचे, तुझ्या हातात अवजारांची पिशवी." यात त्याला नकार कुठेच नाही आणि जबाबदारी भरपूर आहे. तो "ताई, तू फारच घाबरतेस" म्हणाला, तर हो म्हणून मोकळ्या व्हा, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याउपर तो मूळ वाटेवरच अडून राहिला तर त्याला एकट्याला जाऊ द्यायचे का, हा त्याचा आणि वनविभागाचा प्रश्न राहील. तुम्ही आणि मुलगी जाणार नाही, एवढे मात्र स्पष्ट सांगा.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिला वाचून दाखवा. स्पीकरवर गाणी लावू नयेत. संरक्षित क्षेत्रात आणि त्याच्या आसपास असा गोंगाट करण्यास मनाई असते, शिवाय गाण्यामुळे प्राण्याला तुमची चाहूल लागली तरी तुम्हाला त्याची लागत नाही. फांदी मोडल्याचा आवाज, वानरांची खेकर, चितळांची हाक, मागून मामाने मारलेली आरोळी, यांतले काहीच कानावर येत नाही. त्याऐवजी सायकलला चांगली खणखणीत घंटी बसवावी, प्रत्येक आंधळ्या वळणाआधी ती दोनदा वाजवावी, आणि तिघांनी आपसांत नेहमीच्या आवाजात गप्पा मारत जावे. घंटीचे काम मध्ये चालणाऱ्या तिच्याकडे न देता पुढे असलेल्या तुमच्याकडे ठेवा.